कोंडाजीकाकांची राहिलेली सही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या या लॉन्ड्रीच्या मालकीण माननीय रुचिताताई, व्यासपीठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्या, आपल्या गावच्या सरपंच आनंदीबाई, ज्यांच्यासाठी आपण इस्त्रीची टेबलं भिंतीला लावून इथे जमलो ते सत्कारमूर्ती कोंडाजीकाका, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी सोनाबाईकाकू, लाकडाच्या वखारीचे आबाजी, आणि धुलाई, इस्त्री, घडी, टेंपो अशा सगळ्या विभागांतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी इथला सुपरवायझर. भाषण करण्याची मला सवय नाही, आणि मी भाषण करणार हे कळल्यापासून कोंडाजीकाका माझ्याकडे संशयाने बघतायत. सोमवारी त्यांनी विचारलं, "राजेश, काय बोलणार हायस?" मी म्हटलं, चांगलंच बोलणार. बुधवारी परत आले. "चांगलं म्हंजे कसं चांगलं?" आज सकाळी मी या टेबलावर शाल आणि नारळ मांडत होतो, तर काकांनी नारळ उचलला आणि कानाशी धरून हलवला. पाणी आहे की नाही! ताई, तुम्ही हसू नका. सत्काराचा नारळ तपासून घेणारा सत्कारमूर्ती मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

पण मी त्यांना नावं ठेवणार नाही. पाहुण्यांसाठी थोडं सांगतो. कर्जत ते पळसदरी या पट्ट्यात जितकी रिसॉर्ट आणि फार्महाउस आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या चादरी आपल्याकडे येतात. त्या धुवायला गरम पाणी लागतं, इस्त्रीला वाफ लागते, आणि ही वाफ करतो भिंतीपलीकडचा लाकडावरचा बॉयलर. तो काकांनी चालवला. लाकूड आलं की काका दोन तुकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकणार. टणक आवाज आला तर सुकं, बद्द आला तर परत. आबाजी इथे बसलेत, त्यांना विचारा. किती वेळा अख्खा टेंपो उभा करून काकांनी एकेक लाकूड वाजवून घेतलंय!

(आबाजी हात जोडतायत. ठीक आहे.)

तर असा माणूस मार्चअखेर निवृत्त होतोय. समारंभ आधी ठेवला, कारण लग्नसराई सुरू झाली की आपल्याला जेवायला फुरसत नसते, समारंभ कुठला करणार? निरोप द्यायचा, कौतुक करायचं, चहा-पोहे घ्यायचे, एवढाच कार्यक्रम पत्रिकेत आहे. पण सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एक गोष्ट राहून गेलीय. ती न बोलता मी खाली बसलो तर तुम्हीच मला उद्या विचाराल, की राजेशभाऊ, घाबरलात का?

ती गोष्ट म्हणजे मेघाच्या दाखल्यावरची सही.

मेघा आपल्या इस्त्री विभागातली. माहेर कशेळ्याचं, सासर इथलंच पळसदरीचं. गेल्या वर्षी ताईंनी सांगितलं की इस्त्रीचं मोठं मशीन येणार, टेबलावरची कामं कमी होणार. सगळ्यात नवीन मेघा, म्हणजे पहिली जाणार ती. त्याच वेळी काकांच्या निवृत्तीचाही विषय निघाला. ताई म्हणाल्या, आपल्यापैकी कुणी बॉयलर शिकून सरकारी परीक्षा पास होत असेल तर बाहेरून माणूस आणणार नाही. मेघाने हात वर केला. परीक्षेला बसायचं तर अनुभवाचा दाखला लागतो, आणि त्यावर सही लागते ज्याच्या हाताखाली शिकलो त्या माणसाची. फॉर्म भरायची मुदत येत्या सोमवारी संपते. दाखल्यावर माझी सही आहे, ताईंची आहे. काकांची जागा रिकामी आहे. सही झाली आणि ती पास झाली तर बॉयलर तिचा. नाही झाली तर मोहोपाड्याचा ठेकेदार आपला माणूस पाठवायला तयारच आहे, आणि मेघा घरी.

आता तुम्ही म्हणाल, शिकवलं त्यांनीच, मग सही का नाही?

शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. पहिल्या दिवसाचा त्यांचा ओरडा या हॉलपर्यंत ऐकू आला होता. विठाबाई, म्हणजे मेघाची आई, कशेळ्याच्या बाजारात भाकरी-कालवणाची टपरी चालवते. मेघा चुलीपुढे वाढलेली. चुलीत आपण काय करतो? लांब लाकूड पुढून सारत राहतो, तोंड उघडंच असतं. मेघाने बॉयलरचं दार तसंच उघडं ठेवलं, लाकडाचं टोक बाहेर, आणि वाकून जाळ बघत बसली. गार वारा सगळा आत. वाफेचा दाब दाखवणारी सुई खाली खाली. इस्त्रीवाल्या बायका ओरडायला लागल्या, आणि काका त्यांच्याहून मोठ्याने.

"आगं दार लाव! चूल हाय का ती? कालवण शिजतंय व्हय तुझं आत?"

"बघायला नको का काका, पेटलंय का नीट?"

"बघायचं ते दाराच्या भोकातनं बघायचं! दार उघडलं, टाकलं, लावलं. पावणा दारात उभा करून गप्पा मारतेस तशी नको करूस."

ती शिकली. दार उघडायच्या आधी लाकडं हाताशी लावून ठेवायची, भराभर टाकायची, दार बंद. सकाळी काका पेटवणी करून बॉयलर वाफेवर आणत, दुपारी तो मेघाच्या ताब्यात देत आणि स्वतः मागच्या शेडमध्ये बसून लाकूड फोडत. हाक मारली की यायचं, एवढ्या अंतरावर. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग एक संशयास्पद प्रकार सुरू झाला. लाकूड उरायला लागलं.

मित्रहो, लाकूड कमी पडलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. ओलं निघालं, गेटमधून गेलं, कुणाच्या तरी घरच्या शेकोटीला लागलं, आपण समजून घेतलं असतं. पण उरलं! सकाळचा ढीग नेहमीसारखा उतरायचा आणि दुपारचा उतरतच नव्हता. चादरी तेवढ्याच, कामाचे तास तेवढेच. मग लाकूड उरतं कसं?

ज्याने त्याने आपापल्या परीने संशय घेतला. ताईंना वाटलं, दुपारी पाणी नीट तापवतच नाहीत, चादरी कोमट पाण्यात निघतायत. त्या स्वतः येऊन वाफेच्या नळीजवळ हात नेऊन बघायच्या. शेजारच्या रिसॉर्टच्या मॅनेजरने फोन केला, "आज बंद आहे का तुमचं? धूर दिसत नाही." काळा धूर दिसत नाही म्हणजे आमचं काम बंद, ही आमची ख्याती! आबाजींचे टेंपो कमी झाले, तर ते आवारात येऊन आमच्या ढिगाभोवती फेऱ्या मारून गेले. दुसऱ्या कुणाच्या वखारीचं लाकूड दिसतंय का म्हणून. आबाजी, आता मान खाली घालू नका. इस्त्री विभागात कुजबूज अशी, की टेबलावरच्या मैत्रिणी तिच्यासाठी वाफ जपून वापरतायत.

आणि काका? काकांनी गेरू आणला. ढिगातल्या प्रत्येक लाकडाच्या तोंडाला गेरूची खूण केली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, "कळंल." दोन-चार दिवसांनी बघितलं तर उरलेलं प्रत्येक लाकूड खुणेचंच. बाहेरून काही आलेलं नाही. पण त्यामुळे काकांचं समाधान झालं असं तुम्हाला वाटतं? उलट संशय वाढला.

एके दुपारी मला काका सापडेनात. मेघाला विचारलं तर ती म्हणाली, "नाक्यावरच्या टपरीवर चहाला गेलेत." मी जागीच थांबलो. काका आणि टपरीचा चहा? टपरीवाला दुधात काय घालतो याबद्दल त्यांची मतं सोनाबाईकाकू सांगतील. मी आवारात फिरलो, आणि लाकडाच्या ढिगामागे मला टॉवेलाचं मुंडासं दिसलं.

"काका, चहा इथे मिळतो का?"

"गप रं. खाली बस." मलाही हाताला धरून खाली बसवलं.

"कुणाची वाट बघताय?"

"पांडूची. तिच्या भावाची. कशेळ्याची जीप घेऊन यील आता. लाकडं टाकून जाईल ढिगावर, गेरू लावूनच."

मी म्हटलं, "काका, लाकूड चोरून नेणारे ऐकलेत. चोरून आणून टाकणारा कोण असेल?"

"सहीसाठी माणूस काय पन करतो. हिचं काम चांगलं दिसावं म्हणून भाऊ नाय का झिजणार?"

तेवढ्यात खरंच रस्त्यावरून पांडूची जीप गेली. माणसं पायरीवर लोंबकळतायत, टपावर कोंबड्यांची खुराडी. बहिणीचं कामाचं ठिकाण म्हणून त्याने हॉर्न वाजवला आणि पुढे गेला. काकांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघितलंस? खूण दिली."

दोघं बसून राहिलो. ढिगामागून बॉयलरचं दार समोर दिसतं. मेघाने हाताशी लावलेली फाटी उचलली. काका फोडत त्यापेक्षाही बारीक, मनगटाएवढी. दार उघडलं, डावीकडे टाकली, दार लावलं. थोड्या वेळाने तशीच उजवीकडे. एका बाजूचं पेट घेतंय तोवर दुसऱ्या बाजूचा जाळ चालूच. काका मान हलवत होते, इथपर्यंत त्यांचीच शिकवण होती. तिने पुन्हा भोकातून बघितलं आणि स्टुलावर जाऊन बसली. काका वाट बघत राहिले. ती उठेना. मग त्यांना राहवलं नाही. ढिगामागून असे उठले की वरची दोन लाकडं माझ्या पाठीवर.

"झाक! आगं झाक ती! पळाली सगळी चिमणीतनं!"

मेघा दचकली. "काका, तुमी लाकडात काय करताय?"

"ते सोड. भुसा टाकलास का?"

"नाय."

"कधीपासनं?"

"दुपारी माझ्या हाती असतो तेवा कधीच टाकत नाय."

इथे मला भुशाबद्दल सांगितलं पाहिजे. बॉयलरच्या दाराशी एक अर्धा ड्रम असायचा, त्यात पाण्याने भिजवलेला लाकडाचा भुसा. दर वेळी लाकडं भरली की काका वर दोन फावडी ओला भुसा दाबायचे. आम्हाला वाटायचं, बॉयलरचा नियमच असेल. तो नियम बॉयलरचा नव्हता, राबाचा होता. काका खालापूरकडचे शेतकरी. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे रोपांची जमीन भाजून घ्यायची, तर शेण, पातेरा, झाडांच्या डहाळ्यांची कवळं, गवत, आणि सगळ्यात वर माती पसरायची. वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचा. आग दबून, धुमसत, सावकाश जमिनीत उतरली पाहिजे. भडकली तर राब फुकट. आपल्या भागात ज्याने शेती केलीय त्याच्या हातात हे असतंच. उघडा जाळ दिसला की हात आपोआप झाकायला जातो.

काकांनी आधी सुईवर टिचकी मारली. सुई खोटं बोलते असा त्यांचा जुना वहीम. सुई हलली नाही. मग या हॉलमध्ये येऊन वाफेची इस्त्री स्वतः चादरीवर फिरवून बघितली. वाफ भरपूर होती. परत गेले.

"झाकल्याबिगर आग टिकत नाय," ते म्हणाले.

"राबात माती भाजायची असते, काका. हितं पानी उकळायचंय. ओला भुसा टाकला की आधी तोच सुकत बसतो. माझी आई भाकरीखालच्या जाळावर भुसा टाकंल का?"

"तुझ्या आईच्या चुलीला एवढी मोठी चिमणी हाय का? हितं वरनं सगळं ओढून घेतं. तू पाणी तापवत नायस, कावळे शेकवतेस."

असं म्हणून त्यांनी डॅम्परचा दांडा थोडा खाली ओढला. डॅम्पर म्हणजे चिमणीची वाट लहान-मोठी करणारी झडप. जाळ आधी सरळ मागे पळत होता, तो आतल्या आत फिरायला लागला. सुई हळूहळू वर चढली. नवीन लाकूड न टाकता. दोघं सुईकडे बघत उभे. मीही पाठ चोळत बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ड्रममधला भुसा काकांनीच उपसून नारळाच्या आळ्यात टाकला. सकाळचंही लाकूड उरायला लागलं. मला वाटलं, आता सही होणार.

मी दाखला पुढे केला. काका म्हणाले, "पावसात बघू. ओल्या लाकडाला ही रडंल." पावसाळा आला. मेघाने बॉयलरच्या पाठीमागच्या कोमट भिंतीशी, हवा खेळेल अशी आडवी-उभी चळत रचली. रडली नाही. "दिवाळीच्या गर्दीत बघू." दिवाळी झाली. नाताळात सगळी रिसॉर्ट भरली, चादरींचे डोंगर आले, तेही गेले. "बघू." आनंदीबाई, तुम्ही स्वतः एकदा शब्द टाकलात. तुम्हालाही त्यांनी "बघू"च म्हटलं ना?

गेल्या आठवड्यात मी जरा चिडून विचारलं, काका, आता कसला संशय उरलाय? तिच्यात काय कमी आहे? काकांनी दाखला माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "काम येतं तिला. माझ्यापरीस बरं येतं. पन राजेश, कागदावर माझं नाव राहणार, आनि मी हितं नसणार. मी नसंन तेवा संशय कोण घेनार?"

मंडळी, मी दाखला घडी करून खिशात ठेवला. बॉयलरशेजारी चौदा बाया इस्त्री करतात. भिंत एकच आहे मध्ये. त्या माणसाने घेतलेल्या प्रत्येक संशयामुळे आपण आजवर सुखरूप घरी गेलो, हे विसरून कसं चालेल?

म्हणून आज सकाळी जे झालं ते मी तुमच्यापुढे ठेवतो. काकांनी समारंभासाठी नवा सदरा घातला होता, तरी पेटवणी त्यांनीच केली. बॉयलरला एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. पण नळी चोंदली तर काचेत जुनं पाणी उभं राहतं, आणि आत कोरडं पडलेलं असतं. तेव्हा खालचा नळ सोडून काच रिकामी करायची आणि पाणी परत चढतं का बघायचं. काकांनी नळ सोडला, पाणी चढलेलं बघितलं, हात पुसले आणि म्हणाले, "काच बघितली मी. घे ताब्यात."

मेघा पुढे झाली, आणि तिने परत नळ सोडला.

काका दारातून वळले. "आत्ताच बघितली ना मी? माझ्यावर विश्वास नाय तुझा?"

मेघाने काचेवरची नजर हलवली नाही. म्हणाली, "नाय."

काका तसेच निघून आले. मी मागे होतो, मला त्यांचा चेहरा दिसला नाही. रागावले असतील का? तेव्हापासून ते इथे बसलेत, हार घालून घेतला, पोहे खाल्ले, पण माझ्याशी बोललेले नाहीत. काका, दाखला या टेबलावर आहे. मी आग्रह करत नाही. तुमचा संशय तुमच्यापाशी. मी फक्त एवढंच विचारतो, की आज सकाळी तो संशय कुणी घेतला?

(बसा, बसा सगळे. कुणी टाळ्या वाजवू नका अजून.)

काका उठतायत. काका, माईक हवा का? नको. मग? पेन? हो, हे घ्या माझं. ताई, दाखला जरा इकडे सरकवा... काका तळहातावर रेघ मारून बघतायत. चालतं हो काका, नवीन आहे! आता दाखला उजेडात धरून वाचतायत. वाचू द्या. ताईंची सही ताईंचीच आहे काका, माझ्यासमोर केलीय त्यांनी.

झाली.

आता वाजवा टाळ्या.

बास, बास. कोंडाजीकाका, या लॉन्ड्रीतल्या प्रत्येक माणसाच्या वतीने तुमचे आभार. सोनाबाईकाकू, इतकी वर्षं धुराचे कपडे धुतलेत, तुमचेही. ताईंनी आणि आनंदीबाईंनी वेळ दिला, आबाजींनी आमचं लाकूड कधी बंद केलं नाही, त्यांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं नको ते उघड्यावर आलं असेल, तर घरचा माणूस म्हणून पोटात घाला.

आणि मागे कोण उठलं? ऋतिका, तू जा, मेघाला सांगून ये. पण तिला इकडे घेऊन येऊ नकोस. पेटता बॉयलर सोडून ती आली, तर काका सही खोडतील.